फाउंडेशन आणि फेस पावडर: निवडताना आणि लावताना

फाउंडेशन लावल्यावर चेहरा मानेपासून वेगळा, राखाडी किंवा पिठूळ दिसू लागला की बहुतेक जण दोष बाटलीला देतात आणि पुढच्या वेळी अधिक महाग बाटली आणतात. प्रत्यक्षात छटा दुकानातल्या दिव्याखाली दोन मिनिटांत पसंत केलेली असते, किंवा एक थर त्वचेवर बसण्याआधीच त्यावर दुसरा चढवलेला असतो. म्हणून या लेखात ‘किती लावावे’ याच्या बरोबरीने ‘किती थांबावे’ हेही वारंवार येईल.

दोन्ही वस्तूंची कामे आधी वेगळी करून घेऊ. फाउंडेशन त्वचेच्या रंगातला कमीजास्तपणा, म्हणजे नाकाच्या बाजूची लाली, तोंडाभोवतीचा काळसरपणा किंवा मुरुमांच्या जुन्या खुणा, एका पातळ रंगीत थराने मिळवून घेते. पावडर त्या थरातला ओशटपणा शोषते, त्याला जागेवर धरून ठेवते आणि चमक कमी करते. डाग झाकण्याचे काम पावडरीकडून करून घेऊ नये, आणि रंग उजळवण्याचे काम दोन्हींकडून करून घेऊ नये. मूळ रंगापेक्षा दोन छटा उजळ फाउंडेशन घेण्याची सवय जुनी आहे. पण त्याने चेहरा उजळ न दिसता केवळ रंगवलेला दिसतो, आणि मान व कान लगेच चुगली करतात.

छटा ठरवणे

बाजारात शेकडो छटा दिसत असल्या तरी त्यांतल्या बहुतेक साऱ्या चार रंगद्रव्यांच्या मिश्रणातून तयार होतात: पिवळे, तांबडे आणि काळे अशी तीन आयर्न ऑक्साइडे आणि पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड. हे एकदा समजले की छटेतली चूक ओळखणे सोपे जाते. चेहरा राखाडी दिसत असेल तर त्या मिश्रणात आपल्या त्वचेच्या मानाने पांढरा रंग जास्त आहे. गुलाबी दिसत असेल तर तांबडा जास्त आहे. कावीळ झाल्यासारखा दिसत असेल तर पिवळा जास्त आहे. सावळ्या आणि गडद त्वचेवर पांढऱ्याचे आधिक्य सर्वांत आधी उघडे पडते. अनेक वर्षे गडद छटांची वानवाच होती आणि ज्या मिळत त्या बहुधा फार तांबूस असत. २०१७ साली गायिका रिहाना यांच्या ‘फेंटी ब्यूटी’ने एकदम ४० छटा बाजारात आणल्या, त्यानंतर इतर कंपन्यांनीही आपल्या छटांची संख्या वाढवली. निवड वाढली तसा गोंधळही वाढला, हेही खरे.

छटेचे दोन भाग असतात: गडदपणा आणि झाक. आधी गडदपणा जुळवावा, मग झाक. झाक म्हणजे त्वचेच्या रंगामागे जाणवणारा पिवळसर, तांबूस किंवा दोन्हींच्या मधला सूर. यालाच अंडरटोन म्हणतात. काहींच्या त्वचेत पिवळसर रंगाबरोबर हिरवट छटाही मिसळलेली असते. अशा ऑलिव्ह झाकेच्या व्यक्तींना पिवळसर फाउंडेशन नारिंगी वाटते आणि तांबूस फाउंडेशन गुलाबी वाटते, त्यामुळे आपल्याला काहीच शोभत नाही असा त्यांचा समज होतो. मनगटावरच्या शिरा हिरव्या की निळ्या हे पाहून झाक ठरवण्याची युक्ती सर्वत्र सांगितली जाते. पण शिरेचा दिसणारा रंग तिची खोली, त्वचेची जाडी आणि उजेड यांवर अवलंबून असतो, म्हणून मी तिच्यावर फारसा भरवसा ठेवत नाही. त्यापेक्षा जवळपास सारख्याच गडदपणाच्या, पण वेगवेगळ्या झाकेच्या तीन छटा त्वचेवर शेजारी-शेजारी लावून पाहणे कितीतरी खात्रीचे.

त्या लावायच्या कुठे, हा खरा प्रश्न आहे. हाताच्या पाठीवर लावून काही कळत नाही, कारण हात आणि चेहरा यांवर पडणारे ऊन सारखे नसते. गालाच्या खालच्या भागापासून जबड्याच्या कडेवरून मानेपर्यंत जातील अशा तीन उभ्या, बोटभर लांबीच्या रेघा ओढाव्यात आणि न पसरवता तशाच ठेवाव्यात. जी रेघ शोधावी लागते, ती आपली छटा. अनेकांचे कपाळ आणि तोंडाभोवतीचा भाग गालांपेक्षा गडद असतो, तर मान चेहऱ्यापेक्षा उजळ असते. अशा वेळी कपाळाशी जुळवून घेतलेले फाउंडेशन चेहरा आणखी काळवंडल्यासारखा दाखवते, आणि मानेशी तंतोतंत जुळवलेले मुखवट्यासारखे दिसते. गालाचा खालचा भाग आणि मान यांच्या मधली छटा घ्यावी, हा यातला व्यवहार्य तोडगा.

आता थांबण्याची पहिली जागा. रेघा ओढून झाल्या की दुकानातून बाहेर पडावे, सावलीतल्या मोकळ्या उजेडात यावे आणि किमान पंधरा-वीस मिनिटे, शक्य असल्यास तासभर, काहीही विकत घेऊ नये. पिवळ्या दिव्याखाली प्रत्येक छटा उबदार दिसते, पांढऱ्या ट्यूबखाली तीच फिकी दिसते. थेट उन्हातही रंग नीट समजत नाही. शिवाय बहुतेक फाउंडेशने लावल्यानंतर थोडी गडद होतात. याला सर्रास ‘ऑक्सिडाइज होणे’ म्हणतात, पण आयर्न ऑक्साइड हे नावाप्रमाणे मुळातच ऑक्साइड असते. खरे कारण बरेचसे साधे आहे: फाउंडेशनमधले पाणी आणि लवकर उडून जाणारे घटक निघून गेले की रंगद्रव्ये दाटतात, आणि त्वचेतले तेल त्यांत मुरले की, भिजलेले कापड कोरड्यापेक्षा गडद दिसावे तसा, तोच रंग गडद भासतो. तेलकट त्वचेवर हा फरक जास्त जाणवतो. जी रेघ पहिल्या मिनिटाला अगदी जुळली होती ती अर्ध्या तासाने नारिंगी दिसत असेल, तर ती छटा सोडून द्यावी.

दुकानातली नमुन्याची बाटली अनेक हातांतून गेलेली असते, तेव्हा तिचे तोंड थेट चेहऱ्याला लावू नये. स्वच्छ कापूसकाडीवर थोडे काढून घ्यावे. त्वचा संवेदनशील असेल तर आणलेले फाउंडेशन आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. वेष्टनावरचा ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (रंध्रे न बुजवणारे) हा शब्द उपयोगी सूचना म्हणून वाचावा. त्यामागे सर्वमान्य असा एकच कायदेशीर निकष नाही, त्यामुळे ती मुरुमे न येण्याची हमी ठरत नाही.

कोणत्या स्वरूपाचे घ्यावे

कोरड्या त्वचेला पातळ किंवा क्रीम स्वरूपाचे, किंचित ओलसर चमक ठेवणारे फाउंडेशन मानवते. तेलकट त्वचेला मॅट, म्हणजे बिनचमकीचे, किंवा पावडर स्वरूपाचे. मिश्र त्वचेसाठी वेगळे काही शोधत बसू नये, कारण तिथला फरक पावडर कुठे लावतो यानेच सांभाळता येतो. ओल्या स्पंजाने लावायचे घट्ट वडीसारखे फाउंडेशनही मिळते. १९३० च्या दशकात मॅक्स फॅक्टर या प्रसाधन कंपनीने रंगीत चित्रपटांतल्या कलावंतांसाठी तयार केलेल्या ‘पॅन-केक’मुळे हा प्रकार घराघरांत पोहोचला. रंगमंचावर आणि कॅमेऱ्यापुढे त्याची सर दुसऱ्याला येत नाही. रोजच्या वापराला मात्र तो जड पडतो.

कव्हरेजबाबत, म्हणजे फाउंडेशनने त्वचा किती झाकावी याबाबत, माझे मत स्पष्ट आहे: रोजच्यासाठी हलके किंवा मध्यम घ्यावे. चेहऱ्याचा बराचसा भाग मुळातच ठीक असतो. दोन डागांसाठी सगळ्या चेहऱ्यावर जाड थर देण्यापेक्षा त्या दोन डागांवर कन्सीलरचे, म्हणजे डाग झाकणाऱ्या दाट क्रीमचे, ठिपके देणे शहाणपणाचे. डोळ्यांखालची निळसर-तपकिरी वर्तुळे तर फाउंडेशनच्या कितीही थरांनी जात नाहीत, ती राखाडी होतात. तिथे आधी नारिंगी किंवा पीच रंगाच्या, निळसरपणा मारणाऱ्या करेक्टरचा अगदी पातळ हात लागतो.

आणखी एक गोष्ट वेष्टनावरच्या घटकांच्या यादीत पाहावी. यादीत घटक साधारणपणे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे दिलेले असतात. पहिल्या काही नावांत डायमेथिकोन किंवा ‘सिलोक्सेन’ने संपणारे नाव असेल, तर ते फाउंडेशन सिलिकोनप्रधान आहे. पाण्याचा प्रायमर (फाउंडेशनच्या आधी लावायचा थर) आणि सिलिकोनचे फाउंडेशन, किंवा याच्या उलट जोडी, काही वेळा एकमेकांना धरत नाही. मग थर पसरण्याऐवजी सरकतो आणि बोटाखाली मळीसारख्या वळ्या निघतात. नेहमीच असे होते असे नाही, पण वळ्या निघत असतील तर पहिला संशय या जोडीवर घ्यावा आणि दुसरा आपल्या घाईवर.

लावण्याआधी

चेहरा धुऊन, टिपून घेऊन मॉइश्चरायझर लावावे आणि ते मुरू द्यावे. तेलकट त्वचेलाही हलके, जेलसारखे मॉइश्चरायझर लागते. कोरड्या सालपटांवर फाउंडेशन बसले की प्रत्येक सालपट दुरूनही मोजता येते. त्यानंतर सनस्क्रीन. फाउंडेशनवर एसपीएफचा, म्हणजे उन्हापासूनच्या संरक्षणाचा, आकडा छापलेला असला तरी सनस्क्रीन वगळू नये, याचे कारण हिशेबाचे आहे: तो आकडा प्रयोगशाळेत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका थर देऊन मोजतात. त्या हिशेबाने केवळ चेहऱ्याला एक ग्रॅमच्या आसपास फाउंडेशन लागेल आणि तितके लावले तर चेहऱ्याला लिंपण घातल्यासारखे दिसेल. सनस्क्रीन लावल्यावर दहा-पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. या वेळात केस विंचरावेत, कपडे करावेत. चेहऱ्याला हात लावू नये. प्रायमर ऐच्छिक आहे. नाकाच्या बाजूची मोठी रंध्रे किंवा फार तेलकट कपाळ असेल तर फक्त तेवढ्याच भागावर तो पुरतो.

फाउंडेशन लावताना

बाटलीतून थेट गालावर न ओतता वाटाण्याएवढे फाउंडेशन हाताच्या पाठीवर घ्यावे. कमी घेतलेले वाढवता येते. जास्त झालेले काढताना खालचे सनस्क्रीनही निघून येते. सुरुवात चेहऱ्याच्या मध्यापासून, म्हणजे नाकाच्या दोन्ही बाजू, गालांचा आतला भाग आणि हनुवटी इथून करावी, कारण रंगातला कमीजास्तपणा बहुधा तिथेच असतो. तिथून कान, जबडा आणि केसांच्या रेषेकडे जाताना थर विरत जावा. कडेला शेवटी हातात जवळजवळ काहीच उरले नसेल, तर मानेवर रेघ दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

बोटे, ब्रश आणि स्पंज यांपैकी काय वापरावे यावर पुष्कळ वाद घातला जातो. बोटांच्या उबेने फाउंडेशन मऊ होते आणि पातळ थर छान बसतो. ब्रशने जास्त झाकले जाते, पण केसांच्या रेघा उमटू शकतात. ओला करून घट्ट पिळलेला स्पंज जादा फाउंडेशन टिपून घेतो आणि सर्वांत नैसर्गिक दिसणारा थर देतो. स्पंज ठिबकता ओला नसावा, केवळ दमट असावा, नाहीतर फाउंडेशन पातळ होऊन त्याचे ठिगळ पडते. साधन कोणतेही असो, चोळू नये. थोपटत, टेकवत न्यावे. चोळल्याने खालचे थर उचलले जातात आणि जे झाकायचे तेच उघडे पडते. चेहऱ्यावरची बारीक लव खालच्या दिशेला असते, म्हणून शेवटचा हलका हातही वरून खाली फिरवावा. उलट फिरवला तर लव उभी राहते आणि बाजूच्या उजेडात ती रंगवलेली दिसते.

पहिला पातळ थर झाला की दोन मिनिटे आरशापासून दूर व्हावे. आरशाला नाक लावून पाहिले तर प्रत्येकाला आपल्या चेहऱ्यावर आणखी एक थर हवासाच वाटतो. हातभर अंतरावरून, खिडकीच्या उजेडात पाहून जिथे खरोखर गरज आहे तिथेच दुसरा ठिपका द्यावा. चष्मा वापरणाऱ्यांनी नाकावर जिथे चष्म्याच्या गाद्या टेकतात तिथले फाउंडेशन जवळजवळ पुसूनच टाकावे. ते कसेही टिकणार नसते.

पावडरीची निवड

पावडर लूज, म्हणजे सुटी, असते किंवा दाबून वडी केलेली, म्हणजे कॉम्पॅक्ट. वडी एकत्र राहावी म्हणून कॉम्पॅक्टमध्ये तेलकट बांधणारे घटक घालतात, त्यामुळे त्याचे थरावर थर लवकर जड होतात. घरी पहिल्यांदा फाउंडेशन बसवण्यासाठी लूज पावडर चांगली, आणि बाहेर असताना हात फिरवण्यासाठी कॉम्पॅक्ट सोयीचा. लूज पावडर डबी उघडताना उडते, ती नाकातोंडात जाऊ देऊ नये. झाकणात चिमूटभर काढून डबी लगेच बंद करावी.

पावडर कशाची बनली आहे यावर तिचे वागणे ठरते. टाल्क मऊ आणि गुळगुळीत असते, मायका चमक आणते, सिलिका आणि स्टार्च तेल शोषतात. यांतली सिलिका एका ठिकाणी दगा देते. ‘ट्रान्सलुसंट’ म्हणून विकली जाणारी, साध्या डोळ्यांना अदृश्य वाटणारी सिलिकाप्रधान पांढरी पावडर कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा प्रकाश परतवते आणि फोटोत डोळ्यांखाली पीठ सांडल्यासारखे पांढरे डाग येतात. समारंभ असेल तर आदल्या दिवशी पूर्ण मेकअप करून, अंधाऱ्या खोलीत, फ्लॅश लावून एक फोटो काढावा. आरशात दिसत नाही ते त्या एका फोटोत दिसते.

गडद त्वचेवर पांढऱ्या पावडरीपेक्षा त्वचेच्या रंगाची किंवा किंचित पिवळसर, फिकट तपकिरी पावडर घ्यावी. ‘ट्रान्सलुसंट सर्वांना चालते’ हे वाक्य गोऱ्या त्वचेपुरतेच बऱ्यापैकी खरे आहे. रंगीत पावडर फाउंडेशनच्या छटेची किंवा अर्ध्या छटेने उजळ असावी. ती स्वतःचा रंगही चढवत असते, म्हणून गडद पावडर घेतली तर दुपारपर्यंत चेहरा काळवंडतो.

पावडर लावताना

फाउंडेशन लावल्यावर तीन ते पाच मिनिटे थांबावे. ओल्या फाउंडेशनवर पडलेली पावडर जिथे पडते तिथेच चिकटते आणि तिचे धब्बे पुन्हा पसरवता येत नाहीत. थांबून झाल्यावर टिश्यू पेपरचा एकच पदर चेहऱ्यावर ठेवून तळहाताने हलके दाबावे. वर राहिलेले तेल तो घेतो आणि मग पावडर निम्मीच लागते. नाकाच्या बाजूपासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतची घडी आणि डोळ्यांखालच्या बारीक रेषा यांत फाउंडेशन साचले असेल तर ते बोटाने थोपटून सारखे करावे, लगेच पुढच्या क्षणी तिथे पावडर टेकवावी. साचलेले तसेच ठेवून वर पावडर घातली तर ती रेष दिवसभरासाठी कोरली जाते.

पफवर पावडर घेऊन तो दुमडावा, आत पावडर चोळून मुरवावी आणि जादा झटकावी. मग कपाळाचा मधला भाग, नाक, नाकाच्या बाजू आणि हनुवटी यांवर पफ दाबत, किंचित लोळवत न्यावा, घासू नये. तेल सर्वांत जास्त याच भागांत येते. गालांच्या बाहेरच्या भागाला पावडर बहुधा लागतच नाही. त्वचा कोरडी असेल किंवा वयोमानाने सुरकुत्या पडल्या असतील तर तिथे पावडर मुळीच न लावलेली बरी, कारण तिथली नैसर्गिक चमकच चेहरा जिवंत ठेवते. डोळ्यांखाली लहान ब्रशच्या टोकावर मावेल इतकीच पावडर घ्यावी. तिथे पावडरीचा जाड थर दहा मिनिटे ठेवून झटकण्याची ‘बेकिंग’ नावाची पद्धत प्रखर दिव्यांखालच्या कामासाठी ठीक आहे. रोज केली तर डोळ्यांखालची नाजूक त्वचा शुष्क दिसू लागते. शेवटी मोठा, मऊ, कोरडा ब्रश वरून खाली एकदा फिरवला की वर राहिलेली पावडर निघून जाते. तरीही चेहरा पिठूळ दिसत असेल तर चेहऱ्यापासून हातभर अंतरावरून सेटिंग स्प्रेचा (मेकअप बसवणाऱ्या द्रवाचा) किंवा साध्या पाण्याचा बारीक फवारा मारून तो आपोआप सुकू द्यावा.

दिवसभरात आणि नंतर

दुपारी चेहरा चमकू लागला की हात आपसूक कॉम्पॅक्टकडे जातो, तो आवरावा. तेलावर पावडर घातली की दोन्हींचा चिखल होऊन तोच रंध्रांत बसतो. आधी ब्लॉटिंग पेपर किंवा टिश्यूने तेल टिपावे, मिनिटभर थांबावे, आणि त्यानंतरही गरज वाटली तरच पावडर लावावी. बरेचदा टिपल्यावर ती गरज उरत नाही.

रात्री फाउंडेशन नुसत्या फेसवॉशने पूर्ण निघत नाही. आधी क्लिन्झिंग ऑइल, बाम किंवा मायसेलर वॉटरने ते सुटे करावे आणि मग चेहरा धुवावा. स्पंज प्रत्येक वापरानंतर धुणे उत्तम. ते जमत नसेल तर आठवड्यातून दोनदा तरी साबणाने धुऊन उघड्यावर वाळवावा. ओला स्पंज बंद डबीत ठेवला तर आतून त्याला बुरशी येते आणि वरून ती दिसत नाही. पफ आणि ब्रश आठवड्यातून एकदा धुतले तरी चालतात.

वेष्टनावर उघड्या डबीचे लहानसे चित्र आणि त्यात आकडा असतो; १२ लिहिले असेल तर उघडल्यापासून बारा महिन्यांत ती वस्तू संपवावी, असा त्याचा अर्थ. बाटली उघडली त्या दिवशीची तारीख तळाशी चिकटपट्टीवर लिहून ठेवावी, कारण ती कुणालाच आठवत नाही. वास बदलला, हलवूनही तेल वेगळे राहू लागले किंवा पोत दाणेदार झाला, तर मुदत शिल्लक असली तरी ते टाकून द्यावे. कॉम्पॅक्टचे मात्र लगेच टाकायला जाऊ नये. त्याच्यावर कधीकधी कडक, चकचकीत साय धरते आणि पफवर काहीच येईनासे होते. ती पफमधून परत आलेल्या आपल्याच त्वचेच्या तेलाची असते. पारदर्शक चिकटपट्टी त्यावर हलके दाबून उचलली की साय निघते आणि खालची पावडर पुन्हा वापरता येते. पफ न धुता पुन्हा फिरवला, तर पंधरवड्यात साय परत येते.